शिक्क्याची मांडी

चांगुणाबाईशी माझं पहिलं बोलणं म्हणजे भांडण होतं. जुन्या नाशकातल्या आमच्या आळीत माझी पिठाची गिरणी आणि तिचं मटणाचं दुकान भिंतीला भिंत लावून. माझं पीठ उडून तिच्या टांगलेल्या बोकडावर बसायचं आणि तिच्याकडच्या माश्या माझ्या गव्हावर. "तुझं पीठ आवर," ती म्हणाली. "तुझ्या माश्या आवर," मी म्हणाले. ही नव्वद सालची गोष्ट. दोन्हींपैकी काहीच आवरलं नाही, पण पुढे आम्ही एकमेकींशिवाय कधी चहा प्यायलो नाही.

ती येवल्याकडची. नवरा फकिरा धंद्याने खाटीक, स्वभावाने गरीब, दम्याने लवकर गेला. तो गेल्यावर दीर दुकान मागायला आला, तेव्हा ती मटण तोडायच्या चिंचेच्या खोडापुढे बसून सुरा परजत म्हणाली, "या, घ्या." दीर पुन्हा फिरकला नाही. तोंडाची फटकळ. कुणी "मावशी, मऊ द्या" म्हटलं की "मऊ पायजे तर रताळं घे" हे ठरलेलं. पण कोण काय नेतं हे तिने कधी दुसऱ्याला सांगितलं नाही. आळीत उघड खाणारे पुष्कळ, तसे झाकून खाणारेही कमी नव्हते, आणि झाकून खाणाऱ्यांचा रस्ता माझ्या गिरणीतून जायचा. दळणाच्या मोठ्या डब्यात तळाला मटणाचा छोटा डबा, वर पीठ. "खाणाऱ्याचं ताट आपण उघडं करू नाय," ती म्हणायची, आणि या एका बाबतीत ती देवाचंही ऐकणारी नव्हती.

आता शिक्क्याचं सांगते, नाहीतर पुढचं डोकं फिरवणारं प्रकरण कळायचं नाही. नियम असा की बोकड सरकारी कत्तलखान्यातच कापायचा, जनावरांच्या डॉक्टरने तो तपासायचा आणि मटणावर जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा. नियम चांगला आहे. चांगुणालाही तो हवाच होता. एकदा कुणीतरी रोगट बोकड तिच्या गळ्यात मारला होता, तेव्हापासून मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची, "कत्तलखान्यात रोज डॉक्टर द्या." आळीला कमान मिळाली, बाकडी मिळाली, बाकड्यांवर देणाऱ्यांची नावं मिळाली. डॉक्टर काही मिळाला नाही. तो मनाला येईल तेव्हा यायचा, एरवी शिपाईच शिक्का मारायचा, आणि शाई पुरवून वापरायची म्हणून एका बोकडाला एकच शिक्का, तो मागच्या एका मांडीवर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे मी गिरणीवाली म्हणून सांगते.

गिऱ्हाइकं तर त्याहून शहाणी. शिक्का कुणी बघायचं नाही. बघायचे ती बोकडाची, नर असल्याची खूण, कारण मेंढी खपवली गेली तर घरी महाभारत. चुकून शिक्का दिसलाच, तर "मावशी, ती शाई काढून टाका, पोटात जाईल." म्हणजे खायला चांगलं आहे असा जिथे छाप, तेवढंच खायला नको. आणि तपासणीला कुणी आलं तर दाखवायला म्हणून चांगुणाला ती मांडी शेवटपर्यंत टांगून ठेवावी लागायची. सगळ्यात चांगला भाग दिवसभर वाऱ्यावर सुकवायचा आणि संध्याकाळी घरी नेऊन स्वतः शिजवायचा, असा तिचा धंदा.

सिंहस्थ वर्षावर आला तसा आमच्या नगरसेवकाला, महेशला, साक्षात्कार झाला. हा आळीतलाच मुलगा, लहानपणी कलेजीसाठी चांगुणाच्या दुकानापुढे उभा राहायचा. निवडून आल्यावर त्याने कुण्या बाबांचा अनुग्रह घेतला, घरातली मटणाची भांडी मोडीत काढली आणि नाक्यावर 'शुद्ध प्रभाग' अशी पाटी लावली. दुकानंच बंद करा असं म्हणायला गेलं तर मतं जातात. मग लोकांच्या आरोग्याचं नाव पुढे केलं: बिनशिक्क्याचं मटण दिसलं की जप्ती आणि परवाना रद्द. सभा झाल्या, टाळ्या झाल्या. कत्तलखान्यात डॉक्टर का नसतो, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही. तो ढोंगी असता तर मला बरं वाटलं असतं, ढोंग्याला कुठेतरी गाठता येतं. हा सगळं मनापासून करत होता.

त्याची आई ठमाबाई. दात गेलेले, पण जिभेला म्हातारपण नाही. मुलाने घर शुद्ध केलं तेव्हा म्हातारीने जेवणच टाकलं. मग सून अंजली दर रविवारी, महेश सत्संगाला गेला की, गहू घेऊन माझ्या गिरणीत यायला लागली. नवऱ्याला कळलं असतं तर त्याने तिची थेट माहेरी वणीला रवानगी केली असती. तरी यायची.

त्या रविवारी म्हातारी तापातून नुकती उठली होती. अंजलीला यायला उशीर झाला. "नळीचा रस्साच पाहिजे म्हणतात, दुसरं काही तोंडात घेत नाहीत," ती म्हणाली. बाकीच्या नळ्या विकून झाल्या होत्या. उरली होती ती शिक्क्याची मांडी.

"तिला हात लावू नकोस," मी चांगुणाला म्हटलं.

तिने मांडीकडे बघितलं, अंजलीकडे बघितलं आणि मांडी खाली उतरवली. हाताच्या सवयीने शाईचा तुकडा छाटून कुत्र्याला टाकला. डबा भरला, वर पीठ पडलं, अंजली गेली. आणि चहा उकळायच्या आत तपासणीची जीप दारात.

"शिक्का कुठाय?"

"आत्ताच होता, साहेब."

"मग गेला कुठे?"

"कुत्र्यानं खाल्ला."

खरं तेच ती सांगत होती, पण त्यांना वाटलं बाई थट्टा करते. तिने कत्तलखान्याची पावती दाखवली, तर म्हणे ही पावती याच बोकडाची कशावरून? उरलेल्या मटणावर त्यांनी फिनेल ओतलं. चांगलं, ताजं मटण. चांगुणा सुरा खाली ठेवून नुसती बघत राहिली. मला त्या माणसांच्या अंगावर पिठाचं पोतं रिकामं करावंसं वाटलं.

परवाना रद्द का करू नये, याची सुनावणी लागली. आदल्या दिवशी अंजली रडत गिरणीत आली, "मी येते साक्षीला." चांगुणाने तिला हाकललं. "तू गप घरी बस. तू बोललीस तर त्या म्हातारीच्या ताटात काय पडंल? दुधी भोपळा."

सुनावणीला मी सोबत गेले. साहेब तसा वाईट नव्हता. म्हणाला, "मावशी, ती मांडी ज्यांनी नेली त्यांना आणा. शिक्का होता एवढं त्यांनी सांगितलं की मी प्रकरण मिटवतो. परवाना राहील तुमचा." तक्रार महेशची, म्हणून तोही समोरच बसलेला. मी तोंड उघडणार तोच चांगुणाने टेबलाखाली माझा पाय दाबला.

"गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाय मी," ती म्हणाली.

"मग मला रद्द करावा लागेल."

"करा."

महेशला वाईट वाटलं असावं. तो खुर्ची पुढे ओढून समजावायला लागला. "मावशी, राग धरू नका. हे सगळ्यांच्या भल्याचं आहे. आमच्या आईचंच बघा, घरात शुद्ध अन्न सुरू केल्यापासून मटणाला स्पर्श नाही. एवढा ताप आला, पण आठवड्यात उठून चालायला लागली. हे कशाने झालं, सांगा."

मी चांगुणाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हसले असते किंवा त्याच्या मुस्काटात दिली असती.

"झ्याक झालं," चांगुणा म्हणाली. "जपा म्हातारीला."

तिने अंगठा उठवला. दुकान गेलं.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला धरलं आणि जे तोंडात येईल ते बोलले. इतकी वर्षं राबून उभं केलेलं दुकान असं एका वाक्यासाठी घालवतात का? कुणासाठी, त्या भाषण ठोकणाऱ्यासाठी?

"त्याच्यासाठी नाय गं," ती म्हणाली. "दुकान वाचवलं असतं तर म्हातारीचा रविवार गेला असता."

"आणि आता?" मी म्हणाले. "दुकानच नाही, तर तिचा रविवार येणार कुठून? अंजली काय भर बाजारात जाऊन मटण आणणार?"

चांगुणा जागच्या जागी थांबली. तिने सुनेचा विचार केला होता, म्हातारीचा केला होता, गिऱ्हाइकाच्या ताटाचा केला होता. हा केला नव्हता. खरं तर त्या क्षणापर्यंत मलाही तो सुचला नव्हता. ती हळूच पायरीवर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे आत असताना बोलायचं होतंस की."