नळ्या वळणारा हात

स्वेटरची बारीक सुई वर्तमानपत्राच्या पट्टीवर तिरपी धरायची, कोपऱ्यापासून कागद घट्ट गुंडाळत न्यायचा, टोकाला खळ लावायची आणि सुई ओढून घ्यायची. झाली नळी. अशा नळ्या वळून त्यांच्या टोपल्या आणि झाकणाचे डबे विणायचं वेड मला सात-आठ वर्षांपासून आहे. आमच्या कुंभकोणमला नवरात्रात घरोघरी कोलू, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, मांडतात. बाहुल्या बघायला येणाऱ्या बायकांना पानसुपारी द्यायला माझे डबे लोक आधीच सांगून ठेवतात.

दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. नळ्या सैल पडू लागल्या. एकदा तर सुई हातातून निसटली, ती फरशीवर वाजल्यावर मला कळलं.

मी तिथेच बसून राहिले. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी ब्लाउजचं हूक लागेना, मग हात थरथरू लागला, आणि शेवटची काही वर्षं तिला मीच भरवत होते. त्या दुखण्याची एकेक पायरी मला पाठ होती. आता आपली पाळी आली, असं मनानं घेतलं.

कुणाला सांगितलं नाही. मिस्टर अंघोळीला गेले की हात समोर धरून बघायची, थरथरतोय का. भीतीनंच तो थरथरायचा, आणि ते बघून आणखी भीती वाटायची.

पलीकडच्या गल्लीत माझी थोरली नणंद राहते, तिला आम्ही अक्का म्हणतो. ती डबे रंगवायला यायची. एके दुपारी तिनं एक डबा उचलला, तर बूडच सुटून तिच्या मांडीवर पडलं.

"हे तुझं काम नव्हे," ती म्हणाली. "काय जालं ग?"

"काही नाही. कागद हलका आलाय."

तिनं माझा हात ओढून घेतला आणि अंगठ्याला चिमटा काढला. मी ओरडले नाही. मला तो कळलाच नव्हता. अक्काचा चेहरा उतरला. तिनंही माझ्या आईला शेवटी पाहिलं होतं.

"त्याला सांगितलंस?"

"नाही. तुम्हीही सांगू नका."

संध्याकाळी तिनं मिस्टरांना सांगितलंच. दुसऱ्या दिवशी मिस्टर मला घेऊन तंजावरला निघाले. बसमध्ये एवढंच म्हणाले, "इतके दिवस एकटीच भीत होतीस?"

डॉक्टर तमिळमध्ये म्हणाले, "दोन्ही हात पुढे करा." मी हात पदराखाली घट्ट दाबून धरले. काही केल्या ते बाहेर निघेनात. शेवटी मिस्टरांनी हळूच माझी मनगटं धरून ते टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली, मनगटावर टिचकी मारली, तशी मधल्या बोटापर्यंत झिणझिणी गेली. मग तारा लावून तपासणी झाली. झटका बसला की दर वेळी मी डोळे मिटून आईला हाक मारत होते.

"हा तुमच्या आईचा आजार नाही," डॉक्टर म्हणाले. "मनगटात शीर दबलीये. दिवसभर काय करता?"

मी नळ्यांचं सांगितलं. "मग त्यानंच हे झालंय," म्हणून ते हसले. मी मात्र रडायला लागले, आणि रडू बराच वेळ थांबेचना.

पुढे मनगटाची छोटी शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीचे डबे अक्कानं आणि मिस्टरांनी जमतील तेवढे पुरे केले; मिस्टरांच्या नळ्या मुरुक्कूएवढ्या, म्हणजे चकलीएवढ्या जाड, तरी बायकांनी ते आनंदानं नेले. बोटांत जाण परत यायला दोन महिने लागले. मी पुन्हा विणते, पण तासाभरानं उठते. भीती पुरती गेली आहे असं म्हणणार नाही. एखादी नळी सैल पडली की आजही आधी आईच आठवते. फक्त आता मी तसं लगेच मिस्टरांना सांगते.