अप्पाची उलटतपासणी

गिऱ्हाईक दुकानात आलं की चोर आल्यासारखं बघणारा दुकानदार अंबाजोगाईत एकच : आमचा शेजारी मल्लिनाथअप्पा. विकतो रंगीत मासे. पण काचेच्या टाकीत लावायला कुणी पाणवनस्पती मागितली, की भाव राहिला बाजूला, आधी उलटतपासणी. "घरामागं ओढा हाय का? टाकी धुतल्यावर पाणी कुठं वतता?"

एकदा मी समोरच्या ओट्यावरून म्हणालो, "अप्पा, झाड विकायलाव का पोरगी द्यायलाव?"

"पोरगी माघारी तरी येते. हे ओढ्यात गेलं की येत न्हाई."

गल्लीतल्या छबुबाईला टाकीसाठी लवकर वाढणारं झाड हवं होतं. अप्पानं पट्टीसारख्या लांब पात्यांचं पुढं केलं. "आपल्याच नदीतलं हाय. लवकर वाढतं, अन् कातरलं की गप ऱ्हातं." बाईचा जीव मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या, कोबीच्या पिल्लासारख्या झाडावर.

"ते मी ठेवत न्हाई, मावशी."

"ठेवत न्हाईस का मला देत न्हाईस?"

मलाही तोच संशय. चांगला माल हा बड्या लोकांसाठी दडवत असणार, असं मी गल्लीभर सांगितलंसुद्धा. बाईनं लेकाच्या, अभिमन्यूच्या, फोनवरून तेच झाड मागवलं, टाकी देवघरात ठेवली आणि आत छोटा गणपती बसवला. बघता बघता झाडानं गणपती झाकून टाकला.

परवा सकाळी बाई झाकलेली बादली घेऊन रिक्षात बसताना दिसली.

"काय चोरून चाललाव?"

"निर्माल्य हाय मेल्या! देवापुढचं कचऱ्यात टाकू का? शेततळ्यात सोडते."

बातमी पोटात ठेवायची मला सवय नाही. अप्पाला सांगितली, तर गडी दुकान उघडंच टाकून स्कूटरवर! मी मागं बसलो. फुकटचा माल गोळा करायला निघाला असेल, दुसरं काय?

अभिमन्यूची मोसंबीची बाग उन्हाळाभर त्या एका तळ्यावर जगते. आम्ही पोचलो तेव्हा बादली कलती झाली होती आणि मूठभर झाडं पाण्यात.

"मावशी, थांबा!" अप्पानं बांबूला चाळणी बांधली आणि काठावर पालथा पडून एकेक रोप ओढू लागला.

"निर्माल्य हाय रे, पाय लावू नको!"

"निर्माल्य सुकतं, मावशी. हे जित्तं हाय. महिन्यात तळं झाकंल, मोटारीत अडकंल, मग मोसंबीला काय पाजता?"

बाई बागेकडं बघत राहिली. "मग आता देवाचं हे करू काय?"

"खडकावर वाळवा, पार कुरकुरीत. मग झाडाच्या बुडाला घाला. देव तिथं बी हाय."

बाईनं बादली खडकावर उपडी केली आणि हात जोडले. अप्पा तळ्याला फेरी मारून, पाणी निरखून, माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"खिसे दाखवा."

"माझ्यावर संशय?"

"तुमच्यावरच."

मी खिसे उलटे केले. निघाली तंबाखूची पुडी. अप्पाची नजर खाली सरकली.

"आता चपला काढा."

डाव्या चपलेच्या तळाला नखाएवढं एक रोप चिकटलं होतं, बारीक मुळ्यांसकट. अप्पानं ते चिमटीत धरलं, खडकावर ठेवलं आणि माझी चप्पल तपासायला पुन्हा खाली बसला.