खरातबाईंचं परकं रक्त

आठवड्यातून एकदा तरी खरातबाई पांढऱ्या कोटाची बाही कोपरापर्यंत सारत, हात माझ्यापुढे टेबलावर ठेवत आणि म्हणत, "काढ गं परकं रक्त." जालना रोडवरच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी हे ऐकलं आणि गोंधळले. बाई तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ, चांगल्या धडधाकट. त्यांचं रक्त कशाला काढायचं?

आमच्याकडे अस्थिमज्जा बदलायच्या रुग्णांची आणि दात्यांची जुळणी होई. रक्तातल्या टी पेशी म्हणजे पहारेकरी. समोरच्या पेशीच्या अंगावरच्या खुणा त्या चाचपतात. खूण घरची वाटली तर गप्प राहतात; परकी वाटली की फुगतात, एकीच्या अनेक होतात आणि तुटून पडतात. हल्ली जुळणी जनुकांवरूनच कळते, पण शंका उरली की आमचे डॉक्टर जुनी चाचणी करायला सांगत. दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशी सहा दिवस एका भांड्यात ठेवायच्या आणि काय होतं ते बघायचं.

"पोरगी बघायच्या कार्यक्रमावानी हाय ते," बाई मला समजावत. "पेशंटच्या पेशींना किरण देऊन नुसतं बसवून ठिवायचं. बघायचं काम दात्याच्या पेशींचं."

शेजारच्या भांड्यात त्याच दात्याच्या पेशींसमोर बाईंच्या पेशी बसत. परकं माणूस समोर आल्यावर दात्याच्या पेशी खवळतात ना, हे तपासायला. एवढ्या घरांच्या चाचण्यांत बाईंचंच रक्त परकं म्हणून वापरलेलं. मी एकदा त्यावरून थट्टा केली, तेव्हा चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आमची वस्ती गावाबाहेर होती. तिथं परकं ठरवाया रक्त तपासावं लागत नव्हतं. हितं निदान त्याचा कुणाला उपयोग तरी व्हतो." आवाजात कडवटपणा नव्हता.

रुग्णांच्या नातेवाइकांना बाई कधीच भेटत नसत. "त्यांचं तोंड बघितलं की आपल्या डोळ्याला पाहिजे तेच दिसतंय," असं त्यांचं म्हणणं. माझं उलट. मी सगळ्यांशी गप्पा मारायची. पाचोडचा विठ्ठल आला तेव्हाही मारल्या. तो गावातल्या दूध केंद्रावर कामाला होता. त्याची धाकटी बहीण कोमल एकोणीस वर्षांची. तिच्या हाडांत रक्त तयार होणंच थांबलं होतं. विठ्ठलची मज्जा जुळली तरच काही आशा, आणि न जुळता दिली तर त्याच्याच पेशी तिच्या शरीरावर उलटणार.

त्याचं रक्त मी शनिवारी घेतलं. बाई भाच्याच्या लग्नाला रजेवर होत्या; चाचणीपुरत्या आपल्या पेशी त्या खास द्रवात गोठवून ठेवून गेल्या होत्या. आधी मी साध्या पॅथॉलॉजीत होते. रक्त म्हटलं की फ्रीज, हे हाताला वळण. सोमवारपर्यंत नळ्या फ्रीजमध्ये राहिल्या. किती पेशी जिवंत आहेत याची मोजणीही मी घाईत उरकली. सहा दिवसांनी पाहिलं, तर भावाच्या पेशी बहिणीच्या पेशींसमोर अगदी शांत! माझी जीभ हातभर पुढे. बाई रुजू व्हायच्या आतच मी विठ्ठलला फोन करून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एकच विचारलं, "माझं भांडं बघितलं का?"

नव्हतं बघितलं. त्यांनी पाहिलं. तिथेही सामसूम होती.

"गप हायत म्हंजी पटलं असं नसतं, पोरी. मेलेलं बी गपच असतंय." मग त्यांनी फ्रीजकडे पाहिलं आणि माझ्याकडे. या चाचणीचं रक्त बाहेरच ठेवायचं असतं; नुसत्या फ्रीजच्या थंडीत पेशी मरतात. मी मान खाली घातली. वाटलं, आता त्या डॉक्टरांकडे जाणार आणि आपली नोकरी जाणार. त्या डॉक्टरांकडे गेल्या खऱ्या, पण फेरचाचणीची परवानगी घ्यायला. परत आल्या आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "तू सांगितलंस, आता तूच सांग. फ्रीजचं बी सांग."

मी सगळं सांगितलं. मग विठ्ठल म्हणाला, "ताई, म्या वार्डात पेढे वाटले की ओ." इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो पुन्हा आला, पुन्हा हात पुढे केला. या वेळी बाई माझ्या मागे उभ्या होत्या. मोजणी त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतली. ते सहा दिवस मला धड जेवण गेलं नाही. सहाव्या दिवशी बाईंनी आधी स्वतःचं भांडं बघायला लावलं. विठ्ठलच्या पेशी नुसत्या उसळल्या होत्या. "बघ, कशा मला खायला उठल्यात!" बाई लेकराचं कौतुक करावं तशा हसल्या. मग बहिणीचं भांडं. तिथे शांतता. मी दोन वेळा पाहिलं, बाईंनी तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मला खुर्चीत बसून रडू आलं.

विठ्ठलची मज्जा कोमलला दिली गेली, त्याला वर्ष सव्वा वर्ष झालं. बाईंच्या निवृत्तीला चार दिवस उरले असताना कोमल आणि विठ्ठल दारात उभे. मी जरा भीतभीतच बाईंना बोलावलं, आणि त्या चक्क बाहेर आल्या. कोमल वाकायला लागली तशी त्यांनी तिला दंडाला धरून उभं केलं. "पाया पडायचं नाय. नखं दाव." नखं छान गुलाबी होती. बाईंनी ती एकेक करून बघितली आणि हात सोडलाच नाही.

"भावाशी भांडतीस का गं?"

कोमलने विठ्ठलकडे पाहिलं. "रोज! टीव्हीवरनं, गाडीवरनं, कशावरनं बी."

"भांड," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "पोटभर भांड."