बादशा घरातच का करायचा

बादशा टेबलावर उभा होता, त्याच्या लघवीचा रिपोर्ट माझ्या हातात होता, आणि रिपोर्टमध्ये काहीच नव्हतं. इन्फेक्शन नाही, खडा नाही, साखर नाही.

"तब्येत ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"मंग घरात काहून करते, साहेब?" सुमनताईंनी विचारलं.

सुमनताई शहापूरच्या, रिटायर आरोग्यसेविका. त्यांचे मिस्टर देवरावजी वरठीला स्टील प्लांटमध्ये होते. लकव्याने त्यांची डावी बाजू गेली. काठी घेऊन चालता येत होतं, पण माणूस पलंग सोडायलाच तयार नव्हता. फिजिओथेरपीवाल्याने हात टेकले. मग सुमनताईंनी नागपूरच्या एका शेल्टरमधून, म्हणजे भटकी, जखमी कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणाहून, हा चार वर्षांचा तपकिरी कुत्रा आणला. त्याच्यासाठी देवरावजी उठले. रोज सकाळी पानठेल्यापर्यंत जाऊ लागले. काठी त्यांच्या हातात, साखळी सुमनताईंच्या.

अडचण एकच. बादशा घरात लघवी करायचा. टाइल्सवर ओल आणि नवऱ्याच्या हातात काठी, याचा अर्थ सुमनताईंना चांगलाच कळत होता.

"हे पडले तर पुन्हा उठणार नाहीत, साहेब. कुत्रा सुधरला तर ठेवू, नाईतर परत न्यावा लागते."

मी पशुवैद्यक. माझी सगळी नोकरी गाई, म्हशी आणि शेळ्यांत गेली. कुत्री यायची ती रेबीजच्या इंजेक्शनपुरती. पण "मला यातलं फारसं कळत नाही" असं म्हणायची सवय नव्हती. मी रुबाबात सल्ला दिला. उठल्यावर आणि खाल्ल्यावर बाहेर न्या, रोज एकाच जागी न्या, केलं की शाबासकी द्या. इथवर ठीक होतं. पुढे म्हणालो, "घरात केलं तर नाक त्यात टेकवा आणि पेपरच्या गुंडाळीने एक ठेवून द्या. धाक पाहिजे."

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. माझे सीनियर असंच सांगायचे.

दोन आठवड्यांनी नवरा-बायको दोघंही आले. बादशा टेबलाखाली जाऊन बसला.

"बाहेर मी पाऊण पाऊण तास उभी राहते," सुमनताई म्हणाल्या. "माझ्याकडं पाहते, शेपूट पोटात घालते, पण एक थेंब नाही. घरात आलं का सोफ्याच्या मागं."

"हुशार आहे. मुद्दाम करतोय. हात जड करा."

देवरावजींची जीभ तेव्हा अडखळायची. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "मले... नाई मारवत, साहेब."

"तुमचा लाडच नडतोय," मी म्हणालो. हसतही होतो. ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात देवरावजी सोफ्याजवळ घसरले. मनगट मोडलं, तेही उजवं, म्हणजे काठी धरायचं. पुण्याहून मुलगा धावत आला. सुमनताईंनी मला फोन केला.

"पोरगा म्हणून राहिला, कुत्रा परत द्या. तुमी सांगा. अजून थोडं थांबू का?"

"देऊन टाका. काही कुत्री सुधारतच नाहीत," मी म्हणालो.

बादशा परत गेला.

दोनेक महिन्यांनी त्याच शेल्टरमध्ये लसीकरणाला मदत करायला मी गेलो. बादशा तिथे होता. मला पाहताच कोपऱ्यात सरकला. तिथे काम करणाऱ्या रजनीताईंनी त्याला लांब दोर बांधून मैदानात नेलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बादशाने दोर संपेपर्यंत लांब जाऊन, झुडपामागे लगेच लघवी केली.

"पाठ कशाला फिरवली?" मी विचारलं.

"हा माणसासमोर करत नाही, सर. भेतो. घरात केलं म्हणून कोणीतरी लई बदडलं असंन याले. आपण तिकडं पाहिलं नाही, का झालंच त्याचं काम."

सुरुवातीला त्याला घराची सवय नव्हती, एवढंच. आमच्या लेखी त्याला घरात केल्याबद्दल मार बसत होता. तो शिकला ते वेगळंच: माणसाच्या नजरेसमोर करायचं नाही. बाहेर साखळी धरून सुमनताई टक लावून बघत उभ्या, म्हणून तिथे तो पाऊण तास कळ काढायचा. सोफ्यामागे कोणी बघत नव्हतं. कुत्रा हट्टी नव्हता. आम्ही शिकवलं तेच तो मुकाट्याने करत होता.

रजनीताईंना मी सांगितलं नाही की बदडायला सांगणारा मीच. शहापूर माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. रोज वाटायचं, आज थांबू. मग वाटायचं, काय तोंडाने सांगू?

शेवटी एका रविवारी गेलो. देवरावजी पलंगावर होते. प्लास्टर निघालं होतं, पण पानठेल्यापर्यंत जाणं बंद ते बंदच. मी सगळं सांगितलं.

देवरावजींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "म्हंजे त्याची... काहीच गलती नव्हती?"

"नाही."

"मी मारलं त्याले. तुमी डॉक्टर... म्हणून आयकलं."

सुमनताई उठल्या आणि त्यांनी शेल्टरला फोन लावला. स्पीकरवर रजनीताईंचा आवाज आला. "बादशा? तो परवाच गेला नं, ताई. चांगलं घर भेटलं. लहान पोरं हायेत, मस्त रमला."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "तुमाले हे कवा कळलं, साहेब?"

खोटं बोलता आलं असतं. "तीन आठवडे झाले."

देवरावजींनी भिंतीकडे तोंड केलं.

चुकीचा सल्ला कोणाकडूनही दिला जातो, मोठ्या मोठ्या डॉक्टरांकडूनही. त्यासाठी मला कदाचित माफी असेल. तीन आठवड्यांसाठी नाही.