फाटेपर्यंत

माझ्या साडूइतका संशयी माणूस नागपूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि या संशयाचा त्याला दरमहा पगार मिळतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात कृत्रिम रक्तवाहिन्या विणतात; पांढऱ्या, चुणीदार कापडी नळ्या. त्या किती टिकतात हे पाहणं त्याचं काम. नळी मशीनवर चढवायची, तिच्यातून अंगाइतकं कोमट पाणी हृदयाच्या ठोक्यांसारखं, पण कितीतरी भरभर ढकलत राहायचं आणि ती फाटायची वाट बघायची. गृहस्थ घरीही कामावरच असतो. माझ्याकडे आला की आधी कपाचा कान ओढून बघतो, मग चहा पितो. नव्या सोफ्यावर तो बसला नाही, नुसती उठबस करत राहिला. माझ्या मुलीच्या लग्नात सगळे 'सुखी राहा' म्हणत असताना यानं नवरानवरीच्या उपरण्याची गाठ दोन्हीकडून ताणली आणि "सध्या तरी ठीक आहे," असा आशीर्वाद दिला.

'टिकेल' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता, आणि नेमका तोच आमच्या सासऱ्यांना हवा झाला. त्यांच्या पायाची रक्तवाहिनी तुंबली, बोटं काळी पडू लागली. डॉक्टर म्हणाले, कृत्रिम नळी घालू, नाहीतर पाय जाईल. नळी साडूच्याच कारखान्याची. सासरे अडून बसले.

"सांगा ना जावईबापू, टिकन का?"

"मामाजी, मशीनवर दहा वर्षांचे ठोके झाले. फाटली नाही. अकराव्याचं मले ठाऊक नाही."

मी कपाळावर हात मारला. सासरे मात्र हसले. "मले अठ्ठ्याहत्तर चालू हाय. दहा लय झाले. करा म्हणा ऑपरेशन."

पाय वाचला. साडूनं त्याच लॉटचा एक तुकडा मशीनवर चढवला. काही व्हायचंच असेल तर आधी तिथं होईल. दर रविवारी येऊन तो सासऱ्यांच्या पावलाची नाडी बघायचा. ते पाय धुऊनच बसलेले असत.

"काय म्हणते तिकडची?"

"चालू हाय."

दोघांत बोलणं एवढंच.

चौथ्या हिवाळ्यात सासरे न्यूमोनियानं गेले. नळी शाबूत होती.

परवा कामानिमित्त बुटीबोरीला गेलो, तर तो तुकडा अजून धडधडत होता. म्हटलं, "आता कोणासाठी चालवून राहिला? बंद कर ना गा."

त्यानं पाण्याचं तापमान पाहिलं, रुमालानं झाकण पुसलं.

"काहून बंद करू? फाटली कुठं?"