लाल फडक्याचा कॅन

स्योकाऊला गावात कोणी चांगलं म्हणत नाही. ती दुसऱ्याच्या चांगुलपणावर संशय घेते, आणि तो बहुतेक वेळा खरा निघतो. असा माणूस कोणाला आवडेल?

वय अठ्ठावन्न. पुढचे दोन दात गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. तिची मुलगी न्दिंडा मोंबासात लोकांची घरं झाडते, आणि न्दिंडाची चौदा वर्षांची मुथेऊ आजीपाशी वाढते. पोर आठवीत, गणितात पक्की. हिनं कितुईच्या मोठ्या शाळेत जावं, एवढं एकच मागणं स्योकाऊनं देवाकडे लावून धरलं होतं. बाकीची मागणी तिनं कधीच सोडून दिली होती, देवाला फार कामं असतात म्हणून.

आमची नदी वर्षातले दहा महिने वाळूची. खणलं तर पाणी लागतं, पण ते पिताना गाढवंसुद्धा विचार करतात, आणि पोरं प्यायली तर आठवडाभर झुडपाआडून उठत नाहीत. पिण्याजोगं पाणी एकाच ठिकाणी, बाजाराच्या टोकाला, बोअरवेलच्या टपरीवर. सकाळी आपापला पिवळा कॅन रांगेत लावायचा. माणूस कामाला गेला तरी कॅन उभा राहतो, आणि कॅनची जागा कोणी मारत नाही. ओळख पटावी म्हणून कडीला फडकं बांधायचं. मुथेऊचं लाल होतं.

तोटीची किल्ली मुथेंगीकडे. हा मुथेंगी दयेचा सागर. शाळकरी पोरींचे कॅन तो रांगेतून पुढे ओढायचा. "पोरींचा अभ्यास बुडतो हो," म्हणायचा. पोरांचा अभ्यास बहुधा पाण्यावर तरंगत असावा, कारण त्यांचे कॅन संध्याकाळपर्यंत तिथंच असत. फक्त एवढंच, की पुढे ओढलेल्या कॅनचं झाकण टपरीच्या मागच्या खोलीत ठेवलेलं असायचं. चोरीला जाऊ नये म्हणून. ते आणायला पोरीनं एकटीनं आत जायचं.

गेल्या वर्षी कानिनी नावाच्या पोरीनं झाकणं आणता आणता शाळा सोडली. आता तिच्या पाठीवर बाळ असतं. गावानं तातडीनं सभा बोलावली. सरकारनं नेमलेल्या चीफसाहेबांनी पोरींना दीड तास उपदेश केला, की स्कर्ट लांब असावा आणि नजर खाली असावी. सभेला पाणी मुथेंगीनं पुरवलं. शेवटी त्याचे टाळ्या वाजवून आभार मानण्यात आले.

तर यंदाच्या उन्हाळ्यात एका शनिवारी मुथेऊ नऊ वाजताच भरला कॅन घेऊन घरी आली. शेजारीण कालोंडू कुंपणावरूनच ओरडली, "नशीब काढलंस गं स्योकाऊ! माझा कॅन दिवस मावळेपर्यंत तिथंच सुकतो."

"हो ना," स्योकाऊ म्हणाली. "नशीबच ते. माझ्या घरी असं नशीब एकदा येऊन गेलंय."

मग तिनं नातीला चुलीपाशी बसवलं. "झाकण कुठं होतं?"

"कॅनवरच होतं आजी. पण मुथेंगीकाका म्हणाले, उद्यापासून आत ठेवीन. मीच यायचं घ्यायला."

"आणखी काय म्हणाले तुझे काका?"

"मी आता मोठी झाले म्हणाले." मुथेऊ नखानं जमीन उकरू लागली. "आजी, मला नाही जायचं उद्या. पण मग पाणी?"

चुलीवरचं मका-घेवड्याचं इस्यो करपलं, तरी स्योकाऊ उठली नाही. चीफसाहेबांकडे जावं, तर ते नातीच्या स्कर्टचं माप घेणार. पोरीला नदीवर धाडावं, तर ते पाणी. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली की ती चिडते. पातेलं उतरवून ती बाहेर पडली. आमच्यात बायका मंडळ करून एकमेकींच्या शेतात राबतात, त्याला म्वेथ्या म्हणतात. त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची दारं तिनं ठोठावली.

दुसऱ्या दिवशी रांगेत नेहमीचे कॅन, नेहमीची फडकी. मुथेंगीनं हात पुसले, लाल फडक्याचा कॅन पुढे ओढला, भरला, झाकण आत नेऊन ठेवलं आणि मधाळ आवाजात हाक मारली, "लाल फडक्यावाली!"

टपरीसमोरच्या झाडाखालून स्योकाऊ उठली. डोक्याला नवा रुमाल बांधून आली होती.

"आले रे राजा."

"तू? तुझी नात कुठंय?"

"नात घरी गणितं सोडवतेय. तू अभ्यासाची काळजी करतोस ना, म्हणून तिला त्रास दिला नाही. झाकण आत आहे म्हणे. चल, कुठं यायचं?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मुथेंगीनं घाईघाईनं दुसऱ्या एका पोरीचा, निळ्या फडक्याचा कॅन ओढला. झाडाखालून कालोंडू उठली, काठी टेकत. "माझंही झाकण आत ठेव बाबा. मी पण मोठी झाले आता." त्यानं हिरव्याला हात लावला, तर तिथून सत्तर वर्षांची म्हातारी लाजत उभी राहिली. बाजार पोट धरून हसत होता.

स्योकाऊ मात्र हसत नव्हती. "हसा," ती म्हणाली. "मी पंधरा वर्षांची असताना मलाही एकानं असंच पाणी आधी दिलं होतं. न्दिंडा त्या पाण्याची. तेव्हा गावानं मला विचारलं होतं, तू गेलीसच का? अजून कोणी त्याला विचारलं नाही, की तू बोलावलंस का."

हसणं थांबलं. बाळ पाठीवर घेऊन कानिनी रांगेबाहेर आली आणि स्योकाऊच्या शेजारी उभी राहिली.

मुथेंगीला लगेच ताप भरला. टपरीला कुलूप लागलं. चीफसाहेब म्हणाले, "पुरावा आणा, मग बघू." "बरं," म्हणून चाळीस बायका रिकामे कॅन घेऊन त्यांच्याच अंगणात जाऊन बसल्या. साहेबांच्या घराला पत्र्यावरून उतरणारं पावसाचं पाणी साठवायची मोठी टाकी आहे. "तुम्ही पुरावा शोधा निवांत," स्योकाऊ म्हणाली, "तोवर आम्ही इथलं पिऊ." तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी वाजू लागली आणि साहेबांच्या बाईसाहेब बोलू लागल्या. त्या संध्याकाळपर्यंत पुरावा सापडला आणि किल्लीही सापडली.

मुथेंगीला शिक्षा वगैरे काही झाली नाही. भावाकडे विश्रांतीला गेलाय म्हणतात. कानिनीची शाळाही परत आली नाही.

किल्ली आता स्योकाऊच्या गळ्यात असते. मागच्या खोलीचं दार तिनं बिजागरीसकट काढून टाकलं आणि त्याचं बाक केलं, रांगेतल्यांना बसायला.

मागच्या शनिवारी मुथेऊचा लाल फडक्याचा कॅन अठ्ठेचाळिसावा होता. दुपारी पोर तणतणत आली. "आजी, किल्ली तुझ्याकडे असून काय उपयोग? माझा आधी भर ना!"

"रांगेत बस."

"लोक म्हणतात ते बरोबर आहे. तू वाईटच आहेस!"

तोंड फुगवून ती बाकावर जाऊन बसली आणि गणिताची वही उघडली. दिवस कलला तेव्हा तिचा कॅन भरला. झाकण कॅनवरच होतं.