पेडगावचा हुरडा आणि पुढच्या ब्रेकमधलं तेल

हुरड्याला परभणीकडच्या पेडगावला जायचं आमचं दोन वर्षं नुसतं ठरत होतं. यंदा बायकोला सुट्टी मिळेना, पण तिच्या धाकट्या भावाचा, विष्णूचा, फोन आला. "दाजी, एटीव्हीचा पुढचा ब्रेक बसंना झालाय. तुमी येता का?" गाड्यांवर ब्लॉग लिहिणाऱ्या जावयाला सासुरवाडीहून असं बोलावणं! दुसऱ्याच दिवशी पहाटे बाइक काढली. ब्रेक ऑइलची अर्धी बाटली घरात होती, तीच बॅगेत टाकली.

पुणे ते पेडगाव साधारण चारशे किलोमीटर. अहिल्यानगर, माजलगाव, पाथरी, मानवत असा रस्ता धरा. बहुतेक रस्ता चांगला आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे घाई करू नका. पेट्रोल आणि चहा-भजी धरून हजार-दीड हजारात पोचता. पाथरीला थांबलात तर स्टँडजवळची मिरची भजी चुकवू नका.

विष्णूचा उजवा पाय लहानपणापासून अधू आहे. काळ्या रानात कुबडी रुतते, म्हणून मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बंद पडलेल्या एका रिसॉर्टची जुनी एटीव्ही, म्हणजे जाड टायरची चारचाकी मोटारसायकल, आणली. तेव्हापासून तो रोज एकटा शेतात जातो, पाणी देतो, तुरीवर फवारतो. या गाडीचा मागचा ब्रेक उजव्या पायाचा. त्यामुळे त्याच्या उपयोगाचा ब्रेक एकच, हाताचा, पुढचा. हे मला माहीत होतं, हे इथेच सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसलो. लिव्हर दाबली की स्पंजासारखी आत जायची, म्हणजे लाइनमध्ये हवा. दोन्ही चाकांपाशी गळती बघितली, नव्हती. मग चाकापाशी हवा काढायचं निपल असतं त्याला पारदर्शक नळी लावली. विष्णूनं लिव्हर दाबून धरायची, मी निपल सैल करायचं, बुडबुडे निघाले की घट्ट करायचं, मगच त्यानं लिव्हर सोडायची. असं पुन्हा पुन्हा. मधे लिव्हरजवळची तेलाची डबी रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर परत हवा शिरते. डावं चाक छान झालं. उजव्याला बाटली संपली.

परभणी जवळच आहे, जाऊन नवी बाटली आणता आली असती. पण आतून सासूबाईंनी हाक मारली, "जावईबापू, हुरडा निवायलाय!" अंगणात शेजारचे चार-पाचजण माझं कसब बघत उभे होते. कोपऱ्यात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाचा डबा होता.

विष्णू हळूच म्हणाला, "दाजी, गाडीवाल्यानं येगळं तेल सांगितलं हुतं. झाकणावर बी काईतरी लिवलंय."

"अरे, तेल ते तेल," मी म्हणालो आणि त्या डब्यातलं ओतलं. झाकण वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका, असं माझ्याच ब्लॉगवर ठळक अक्षरांत आहे. त्यानं पुन्हा लिव्हर धरली. आमच्याकडे जावयाला कुणी खोडून काढत नाही. मला त्याची सवय झाली होती, खरं सांगायचं तर चटकच.

लिव्हर मस्त कडक झाली. शेजाऱ्यांनी वाहवा केली. मामा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेले होते, ते दुपारी आले आणि खूश झाले. हुरडा अप्रतिम होता. कोवळी कणसं, लसणाची चटणी, दही, आणि गूळ मागावा लागत नाही.

तिसरा दिवस मी पाथरीत काढला. चौथ्या दिवशी सकाळी विष्णू म्हणाला, "लय कडक झालाय ब्रेक, दाजी. चाक बी जाम वाटायलंय." मी म्हणालो, "नवीन आहे, बसेल." तो गेला. कालव्याच्या उतारावर लिव्हर एकदम मोकळी पडली. पुढे एक मेंढपाळ बाई कळप घेऊन चालली होती, म्हणून त्यानं गाडी बाभळीच्या कुंपणात घातली. उजवं मनगट मोडलं. त्याच हातानं तो कुबडी धरतो.

संध्याकाळी परभणीहून मेकॅनिक आला. डबी उघडून त्यानं वास घेतला, रबर बोटात धरून दाखवलं. फुगून दुप्पट झालं होतं. त्यानं चाक जाम राहिलं, तेल तापलं आणि उतारावर ब्रेक गेला. "ह्ये तेल कुनी टाकलं?"

प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेला विष्णू म्हणाला, "म्या टाकलं. कमी पडलं हुतं म्हून."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. गप्प राहिलो.

मामा त्याच्यावर इतके तापले की मेकॅनिकच उठून बाजूला झाला. "अक्कल न्हाई तर हात लावायचा कशाला? इकून टाकतो ही गाडी. बस घरात!" विष्णूनं मान खाली घातली. निघताना सासूबाईंनी मला टॉवेल-टोपीचा आहेर केला. मी तो घेतला. लाज वाटत होती आणि तरी हात पुढे केला.

पुण्यात आल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं तुम्ही तिथे होतात." यावर मी नऊ दिवस काही बोललो नाही. दहाव्या दिवशी वरचं सगळं लिहून तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग वडिलांचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेली.

"मामा, ते तेल मी टाकलं होतं. विष्णूनं मला अडवलं होतं. त्याची गाडी विकू नका."



"परवाच नेली की ती, जावईबापू," ते म्हणाले. "पालमच्या मानसाला दिली." आणि आवाज सांभाळत त्यांनी विचारलं, "जेवण झालं का तुमचं?"